मिथ्याछाप, छापा आणि चाप

प्रश्न असा आला आहे: पनीरवरच्या कारवाईच्या बातम्यांत 'मिथ्याछाप' असं लिहितात, ते 'भेसळयुक्त'चंच सरकारी रूप का?

नाही. भेसळीत नको ते मिसळलेलं असतं. मिथ्याछाप मालात वेष्टन किंवा नाव खोटं बोलतं. पामतेल आणि दूध पावडरीचा गोळा 'पनीर' म्हणून विकला, तर दुसऱ्या पदार्थाचं नाव लावल्यामुळे तो मिथ्याछाप. 2006च्या अन्न सुरक्षा कायद्यात त्याला 3 लाखांपर्यंत दंड आहे. 1954च्या कायद्याच्या नावातच 'भेसळ प्रतिबंध' होता, नव्याच्या नावातून भेसळ गेली. वृत्तनिवेदकांच्या तोंडून मात्र जात नाही. मार्च 2025मध्ये विधानसभेत नकली पनीर आणून दाखवलं गेलं, तेव्हापासून तर बनावट, भेसळयुक्त, कृत्रिम सगळं एकाच पातेल्यात.

त्याहून कानाला टोचते ती 'छापेमारी'. अहो, मराठीत छापा घालतात किंवा टाकतात! 1663 साली लाल महालावर पडला तो छापाच, छापेमारी नव्हे.

आता गंमत बघा. मालावरची छाप, नाण्याचा छापा, छापखाना आणि अधिकाऱ्यांचा छापा, माझ्या मते सगळ्यांच्या मुळाशी वरून दाबणं आहे. ठसा दाबून उमटवतात, छापाही गाफील माणसाला जागीच दाबतो. आणि याच घरातला मी 'चाप' धरतो. 'भेसळखोरांना चाप' हा मथळा कुणी वाचला नसेल?

इथे संस्कृतप्रेमी मंडळी लगेच धनुष्य काढतात. चाप म्हणजे धनुष्य, त्यावरून बंदुकीचा चाप, झालं! मग केसांच्या चापात कुठली प्रत्यंचा? गालावर चापट बसते ती काय बाणाने? नऊवारी चापूनचोपून नेसतात तेव्हा कोण नेम धरतं? उच्चार तरी ऐका. आपल्या चापात चाकातला 'च' आहे, चंद्रातला नाही. थेट संस्कृतातून आलेला असता तर चंद्र, चरण यांच्या पंगतीत बसला असता. चाप हा 'चापणे' या आपल्या क्रियापदाचा मुलगा, धनुष्याशी फक्त नावसाधर्म्य. कोशात शेजारी छापलेत म्हणून भाऊ होत नाहीत.

'च'चा 'छ' कसा झाला, असं कुणी विचारेलच. जोरात दाबलं की श्वास सुटतो, एवढंच माझं उत्तर. पटत नसेल तर दुसरं मूळ आणा, पण धनुष्य नको.

तर मालावर मिथ्या छाप, त्यावर छापा आणि धंद्याला चाप: एका बातमीत आख्खं कुटुंब. मूळ प्रश्न पनीरचा होता, नाही का? तो शब्द फारसीतून आला. त्यावर भांडण नाही.