हुरडा खायला आणि भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे बघायला सोलापूरकडे कधी यावं? ड्रोनने शूट करता येईल का?

ड्रोनचं नाव काढलंत म्हणून लिहितोय, नाहीतर हुरड्यावर बोलणारे पैशाला पासरी आहेत.

आमचं रान मंगळवेढ्याकडं. काळी जमीन, विहीर नाही, दंवावर येणारी मालदांडी ज्वारी. तिला 2016 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, 2023 ला आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि शहरातल्यांना भाकरी नव्यानं सापडली, पण पाखरांपासून राखण कोण करतं ते कुणी विचारलं नाही. दाणा चिकात आला की दिवस उगवायच्या आत रानातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर चढायचं, गोफण आणि पत्र्याचा डबा घेऊन, आणि घसा बसेस्तोवर ओरडायचं. रोजानं माणूस मिळत नाही, मिळालाच तर परवडत नाही.

अशात पौषात आमचे दाजी पुण्याहून मित्र घेऊन आले. आगटी पेटवली, बांधावरची गुळभेंडीची, म्हणजे हुरड्याच्या ज्वारीची कणसं भाजली, बहिणीनं शेंगदाण्याची चटणी केलेली, सगळं झ्याक. तेवढ्यात एकानं ड्रोन उडवला. ओढ्याच्या बाभळींवर भोरड्यांचा थवा बसलेला, तो जो भर्रकन उठला तो सरळ आमच्या उभ्या ज्वारीत. मी आणि आई डबे बडवत पळतोय आणि हे लोक "वा, काय शॉट" करतायत! मी पाहुण्यांसमोर बोललो, चांगलंच बोललो. तेव्हापासून दर लग्नात दाजींचं एकच, पाखरं तशीही खाणारच होती. अहो खातात की, पण राखण असली की घासभर खाऊन पुढं जातात, तुम्ही तर अख्खी पंगत आणून बसवली.

पाखरावर माझा राग नाही. भोरडी मध्य आशियाकडनं येते, तिकडं नाकतोडे-टोळ खाऊन जगते, चीनमध्ये शिनजियांगला तर तिच्यासाठी मुद्दाम घरटी बांधून देतात. इथंही रानातले किडे टिपते. दाजी लगेच म्हणतात, मग मित्रपक्षी झाला ना, कशाला हाकलता. डिसेंबरात एक दिवस माळ्यावर उभे राहा मग बोलू, कधीचं सांगतोय, अजून आले नाहीत.

तर तुमचं. हुरडा साधारण डिसेंबर मध्य ते जानेवारी, पेरणी मागं-पुढं झाली की तोही सरकतो, आधी फोन करून या. खायला गुळभेंडीच मागा, दाणा कुसातनं सहज सुटतो, मालदांडी भाकरीची. गरम असतानाच खा. थवे संध्याकाळी बघा, पाणथळीच्या कडेला, बाभळींकडं उतरतात तेव्हा. फोटोच पाहिजेत तर मार्चमध्ये पळस-पांगारा फुलल्यावर या, मध प्यायला झाडावर बसतात, रंगही तेव्हा खरा गुलाबी, थंडीत बरीचशी मातकट दिसतात. तोवर ज्वारी काढून झालेली असते.

ड्रोन तेव्हाही नको, पाखरं बिथरतात. गावात सगळेच माझ्यासारखे तापट नाहीत, कुणी हो म्हणेलही, पण शेजारच्या रानवाल्याला विचारा, नुसतं ज्याच्याकडं हुरडा खाताय त्याला नाही.