शाळा जवळ म्हणून ३४ लाखांचं कर्ज काढावं का?

प्रश्न : आम्ही कोरेगाव रस्त्यावरच्या एका गावात राहतो, साताऱ्यापासून १२ किलोमीटर. घर सासऱ्यांनी बांधलेलं, कर्ज काही नाही. मिस्टर एमआयडीसीत नोकरीला आहेत, हातात ४१ हजार येतात. मी साताऱ्यात पतसंस्थेत आहे, २१ हजार मिळतात. घरखर्च ३० हजारांत भागतो. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल, मुलगा दोन वर्षांचा आहे. मुलांना चांगल्या अनुदानित मराठी शाळेत घालायचं हे आमचं पक्कं आहे. सदरबझारमध्ये एक जुना टू बीएचके फ्लॅट ४४ लाखांना मिळतोय. ३४ लाख कर्ज घ्यायचं, ९ लाखांची एफडी आणि काही दागिने मोडायचे, असा विचार आहे. अमेरिकेतले दीर म्हणतात, घर घेताना आधी शाळा बघा. सासूबाई मात्र गाव सोडणार नाही म्हणतात. मालक महिनाअखेर टोकन मागतोय. काय करावं?

उत्तर :

ताई, टोकन देऊ नका. मुलीला कुठं शिकवायचं हे तुम्ही नीट विचार करून ठरवलंय आणि त्या निर्णयाबद्दल मला आदर वाटतो. कर्ज काढून फीचा बोजा उचलणारी कितीतरी घरं मी बघतो. तुम्ही तो बोजा सुरुवातीलाच टाळलात. पण तोच बोजा आता गृहकर्जाच्या रूपानं घरात येतोय, आणि तो फीपेक्षा कितीतरी जड आहे.

दिरांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर आहे. अमेरिकेत सरकारी शाळेला बहुतेक ठिकाणी हद्द आखलेली असते. त्या हद्दीत घर असेल तर मुलाला त्या शाळेत हक्कानं प्रवेश, रस्त्याच्या पलीकडे असेल तर दुसरी शाळा. शाळेच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो. त्यामुळे महागड्या वस्तीतल्या शाळेकडे पैसा जास्त, आणि शाळा चांगली म्हणून वस्ती आणखी महाग. तिथं घराच्या किमतीत शाळेचा प्रवेश धरलेला असतो, आणि घर विकताना ते पैसे बऱ्याच अंशी परतही मिळतात.

साताऱ्यात असं काही नाही. अनुदानित शाळेतल्या शिक्षकांचे पगार राज्य सरकारच्या तिजोरीतून होतात. शेजारच्या फ्लॅटचा भाव काय आहे याच्याशी त्यांचा संबंध नाही. शिक्षण हक्क कायद्यात अंतराचा उल्लेख आहे, पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर. पण ते बंधन सरकारवर आहे, की एवढ्या अंतरात मुलाला शाळा मिळाली पाहिजे. लांबच्या मुलाला घेऊ नये असं त्यात कुठं म्हटलेलं नाही. पत्ता खरोखर कामाला येतो तो याच कायद्यातल्या, दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागांच्या प्रवेशात, आणि त्या जागा खासगी विनाअनुदानित शाळांमधल्या असतात. तुम्हाला त्या शाळा नकोच आहेत. शिवाय तिथंही नोंदणीकृत भाडेकरार चालतो, मालकीचं घर लागत नाही. म्हणजे ‘शाळा पाच मिनिटांवर’ म्हणून मालक जो वरचा भाव लावतोय, त्यातून तुम्हाला शाळेवर कसलाही हक्क मिळत नाही. मिळते ती फक्त जाण्यायेण्याची सोय. सोयीला किंमत आहेच, पण ती किती हे बघायला हवं.

या शहरात तर शाळेसाठी घर घेण्याची रीतच कधी नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं आणि सगळ्या जातींची, खेड्यापाड्यांतली पोरं एका पंगतीत बसवून शिकवली. त्यांच्या घरच्यांना साताऱ्यात जागा घ्यावी लागली नाही. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव ज्या सरकारी शाळेच्या पटावर चढलं, ते आजचं प्रतापसिंह हायस्कूल, राजवाड्यातलं. सातारकरांना सरकारी आणि अनुदानित शाळेचं मोल कुणी शिकवायला नको. म्हणूनच त्या शाळेच्या नावावर फ्लॅटचा भाव चढवलेला मला बघवत नाही.

आता शाळा नेमकी कधी लागणार ते बघू. साताऱ्यातली बहुतेक नावाजलेली हायस्कूलं पाचवीपासून सुरू होतात. मुलगी आत्ता पहिलीत जाईल, म्हणजे तिथं पोहोचायला तिला चार वर्षं आहेत. दहावीनंतर अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन, गुणांवर होतो. त्यातही घराचा पत्ता उपयोगाचा नाही. मुलगा धाकटा आहे, त्याची दहावी अजून चौदा वर्षांनी. दोघांचं मिळून धरलं तरी हायस्कूलजवळ राहण्याची गरज फार तर दहा वर्षांची, आणि ती चार वर्षांनी सुरू होणार. कर्ज मात्र वीस वर्षांचं, आणि हप्ता पुढच्या महिन्यापासून.

हप्ता किती ते मांडतो. ३४ लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं : महिना सुमारे २९,५००. खर्च वजा जाता तुमच्याकडे ३२ हजार उरतात. सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरपट्टी धरली की हातात जवळजवळ काहीच राहत नाही. एफडी मोडलेली, दागिने मोडलेले. अशा वेळी कंपनीनं मिस्टरांना काही महिने घरी बसवलं, किंवा तुम्हाला वर्षभर घरी राहावं लागलं, तर पहिला महिना कसा काढाल? वीस वर्षांत बँकेला एकूण ७० लाख ८० हजारांच्या आसपास जातील. त्यातलं निम्म्याहून जास्त व्याज. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून सुरुवातीलाच जवळपास तीन लाख.

‘कर्ज घेतलं की टॅक्स वाचतो’ असं तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. तुमच्या दोघांचं मिळूनसुद्धा साडेसात लाखांच्या आत आहे. जो कर भरायचाच नाही तो वाचणार कसा?

आणि घराची किंमत वाढेल त्याचं काय? वाढेल. फ्लॅट दरवर्षी चार टक्क्यांनी वाढला असं धरा. बारा वर्षांनी तो ७० लाखांचा होईल, त्यातून शिल्लक कर्ज सुमारे साडेवीस लाख वजा केलं की तुमचे ५० लाख. दुसरीकडे, फ्लॅट न घेता १३ लाख (कर्जाशिवायचे दहा आणि मुद्रांक-नोंदणीचे तीन) तसेच ठेवले, पहिली चार वर्षं महिना १५ हजार आणि पुढची आठ वर्षं महिना १० हजार बाजूला टाकले, सगळ्यावर सात टक्के धरले, तर ५६ लाखांच्या वर जातात. यात पाचवीपासून शाळेजवळ भाड्यानं राहायला महिना दहा-बारा हजार मोकळे ठेवलेत, ते वेगळेच. फ्लॅट वर्षाला सहा टक्क्यांनी वाढला तर तो पुढे जाईल, हेही खरं आहे. पण मुळातच जुनी इमारत बारा वर्षांनी आणखी जुनी होते, आणि तेवढ्या वाढीच्या भरवशावर सगळी एफडी मोडावी असं मला वाटत नाही.

पैशांपेक्षाही मला एका गोष्टीची जास्त काळजी वाटते. सासूबाई गावातच राहणार. तुम्ही दोघं नोकरीवर. मग शाळा सुटल्यापासून संध्याकाळी तुम्ही घरी येईपर्यंत सहा वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा सदरबझारच्या फ्लॅटमध्ये कुणाजवळ राहणार? बाई ठेवली किंवा पाळणाघर लावलं तर तो खर्च हप्त्याच्या वर. आज हे काम आजी करते आणि त्याची किंमत तुमच्या हिशोबात कुठंच धरलेली नाही.

मग पहिली ते चौथी काय? गावातली जिल्हा परिषदेची शाळा आधी बघा. चांगली की वाईट हे गावातल्या बोलण्यावरून ठरवू नका. शाळेचा यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, घ्या. त्यावरून वर्गवार पट, शिक्षक किती, खोल्या किती, स्वच्छतागृह आहे का, हे सगळं ऑनलाइन दिसतं. तीन-चार वर्षांचा पट एकाखाली एक लिहून बघा. पट उतरत असेल तर सावध व्हा, कारण संचमान्यतेत, म्हणजे शाळेची पदं मंजूर होताना, शिक्षकांची संख्या पटावर ठरते; मुलं कमी झाली की शिक्षक कमी, शिक्षक कमी झाले की आणखी पालक मुलं काढतात. मग एका साध्या दिवशी, कार्यक्रम नसताना, शाळेत जा. तिसरीतल्या एखाद्या मुलाला दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचायला सांगा. दोन वर्ग एकत्र बसतात का, गुरुजी-बाई शाळेव्यतिरिक्तच्या कामाला किती दिवस बाहेर असतात, ते विचारा. शिष्यवृत्ती परीक्षेला शाळेतली किती मुलं बसतात हेही विचारा. किती लागतात त्यापेक्षा किती बसवतात यावरून शाळेची धडपड जास्त कळते.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या होतात हेही लक्षात असू द्या. आज ज्या बाईंमुळे शाळा नावारूपाला आली, त्या दोन वर्षांनी दुसऱ्या तालुक्यात असू शकतात. शहरातल्या शाळेतही मुख्याध्यापक निवृत्त होतात. शिक्षक बदलले तर मुलाची शाळा बदलता येते. भाड्याची जागाही महिना-दोन महिन्यांची नोटीस देऊन सोडता येते. ३४ लाखांचं कर्ज तसं सोडता येत नाही.

गावात राहण्याचा एक फायदा बहुतेक पालकांच्या लक्षातच येत नाही. जवाहर नवोदय विद्यालयात सहावीच्या प्रवेशासाठी किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात. त्यात बसायला तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. एक दिवस जरी शहरातल्या शाळेत काढला तरी मूल शहरी गटात मोजलं जातं. जिल्ह्यातलं नवोदय खावलीला आहे, तुमच्याच रस्त्यावर. राहणं, जेवण, पुस्तकं मोफत. एका वर्षाला जागा ८० आणि परीक्षेला बसणारी मुलं हजारांनी, त्यामुळे त्यावर विसंबून राहू नका. पण फ्लॅट घेऊन मुलीला तिसरीत शहरातल्या शाळेत घातलंत, तर ही वाट तुम्ही पैसे देऊन अवघड कराल. पाचवीही गावात करायची की हायस्कूलला न्यायची, हा निर्णय ती चौथीत असताना घ्या. तोवर तिचा कल कळेल.

पाचवीपासून जाण्यायेण्याचं म्हणाल तर ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत मिळतो. तुम्ही रोज साताऱ्याला येताच; महिलांना मार्च २०२३ पासून एसटीला अर्धं तिकीट आहे. दोघी एकाच गाडीनं येऊ शकता. शाळेची आणि पतसंस्थेची वेळ जुळत नसेल, हिवाळ्यात अंधार पडत असेल, मुलगी दमत असेल, तर तेव्हा शाळेच्या अलीकडे-पलीकडे भाड्यानं राहा. सुट्टीत आणि शनिवार-रविवारी गावी. ४४ लाखांच्या फ्लॅटला सदरबझारमध्ये महिना दहा हजार भाडं येतं असं धरलं, तर मालकाला वर्षाला पावणेतीन टक्केसुद्धा सुटत नाहीत. साडेआठ टक्क्यांनी पैसे उचलून ती जागा विकत घेण्यापेक्षा त्याच्याकडून भाड्यानं घेण्यात तुमचा फायदा आहे.

गावातली शाळा खरंच कमी पडत असेल, एकच शिक्षक चार वर्ग सांभाळत असतील, तर थांबू नका. साताऱ्यातल्या अनुदानित प्राथमिक शाळेत प्रवेश घ्या आणि व्हॅन लावा. नवोदयच्या आशेवर मुलीची पायाची वर्षं वाया घालवणं मला पटणार नाही.

पैशांचं असं करा. ९ लाखांतले तीन लाख हात न लावता बाजूला, अडीअडचणीला. मुलीच्या नावानं सुकन्या समृद्धी खातं नसेल तर याच महिन्यात काढा. दहा वर्षांची होईपर्यंतच काढता येतं, सध्याचा दर ८.२ टक्के आहे, पैसे पंधरा वर्षं भरायचे, आणि अठरा पूर्ण झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत काढता येतात. महिना पाच हजारांनी सुरुवात पुरे. म्युच्युअल फंडात महिना दहा हजारांची एसआयपी, दोघांच्या नावावर अर्धी अर्धी. मिस्टरांचा टर्म इन्शुरन्स नसेल तर तो या सगळ्याच्या आधी. दागिने मोडू नका.

साताऱ्यात घर हवंच असेल, म्हणजे शाळेखेरीज, तुम्हा दोघांना पुढं तिथंच राहायचंय म्हणून, तर चार-पाच वर्षांनी बघा. तेव्हा निम्मी रक्कम हातात असेल आणि हप्ता उत्पन्नाच्या चौथ्या हिश्श्यात बसत असेल, तरच घ्या. जुना फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा, वकिलाकडून मालकीहक्काचा तीस वर्षांचा शोध घ्या, आणि खरेदीखत एकट्या तुमच्या नावावर करा. महिलेच्या नावावर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ४४ लाखांवर ते ४४ हजार होतात. मिस्टर कर्जात सहअर्जदार राहतीलच. मालकाला मात्र आज फोन करून स्पष्ट नाही सांगा, म्हणजे तोही दुसरं गिऱ्हाईक बघेल आणि तुमच्या मागे महिनाअखेरचा तगादा राहणार नाही.