रदरफोर्डचे दोन्ही खंड अथपासून इतिपर्यंत वाचावेत का?

नाही. रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेवरचा हा संदर्भग्रंथ आहे, १९७७ च्या पहिल्या आवृत्तीपासून वाढत आलेला. तो पेशंटच्या निमित्ताने उघडावा. उद्या महाधमनीच्या फुगवट्याची केस असेल, तर आज रात्री तेवढंच प्रकरण वाचा. असं वाचलेलं विसरत नाही.

मात्र डॉपलर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह तपासणं) आणि घोटा-दंड रक्तदाब गुणोत्तराचा (घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा) भाग सुरुवातीलाच नीट वाचा. गुणोत्तर ०.९ किंवा कमी म्हणजे पायाच्या धमनीत अडथळा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण मधुमेहात धमन्या कॅल्शियमने कडक झाल्या की आकडा खोटाच वाढतो, कधी १.४ च्याही वर जातो. तेव्हा पायाच्या अंगठ्यातला रक्तदाब मोजा. हे निसटलं तर पाय गमवावा लागू शकतो.

आवृत्ती नवीच घ्या. एंडोव्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिनीच्या आतून नळी घालून केले जाणारे, उपचार फार झपाट्याने बदलतात.