अमेरिकेत मित्राला ड्रग्जचा ओव्हरडोस झाला म्हणून ९११ ला (तिथला आणीबाणीचा नंबर) फोन केला, तर आपणच अडकतो का?

बहुतेक राज्यांत नाही. अशा वेळी फोन करणाऱ्याला वाचवणारा कायदा आहे, ‘गुड समॅरिटन’ कायदा म्हणतात त्याला. २००७ मध्ये न्यू मेक्सिकोने तो सर्वांत आधी केला, मग बाकीच्यांनी उचलला. पण प्रत्येक राज्याचं माप वेगळं. स्वतःपुरता माल जवळ सापडला तर सहसा संरक्षण मिळतं, विक्रीच्या गुन्ह्याला नाही. आधीचं वॉरंट असेल तर तेही बऱ्याच ठिकाणी सुटत नाही. काही राज्यांत तर अटक होऊ शकते, फक्त खटला चालत नाही (हे मला अर्धवटच वाटतं). फोन करून पळू मात्र नका. मदत येईपर्यंत थांबणं ही अनेक कायद्यांत अटच आहे. नालोक्सोनचा (हेरॉइन, फेंटानिलसारख्या ओपिऑइड ड्रग्जचा ओव्हरडोस उतरवणारं औषध) नाकात मारायचा स्प्रे २०२३ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतो. ओठ निळे, श्वास घरघरता दिसला की स्प्रे मारा. दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस.