मॅकवरच्या फोटो लायब्ररीला टाइम मशीनचा बॅकअप पुरतो का?

पुरतो, पण टाइम मशीनवर (मॅकमधलीच बॅकअपची सोय) विसंबण्याआधी एक सेटिंग बघा. फोटोज अॅपच्या सेटिंग्जमध्ये आयक्लाउडखाली (अॅपलची ऑनलाइन साठवण) ‘ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज’ चालू असेल, तर बऱ्याच फोटोंच्या मूळ फाइल मॅकवर नसतातच, फक्त छोट्या प्रती असतात. मग टाइम मशीन बिचारं कशाचा बॅकअप घेणार? तिथे ‘डाउनलोड ओरिजिनल्स’ निवडा आणि सगळं उतरेपर्यंत थांबा.

आयक्लाउड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ते सिंक आहे: फोनवर फोटो उडवला की मॅकवरूनही जातो, आणि ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये साधारण 30 दिवसच राहतो. टाइम मशीन मात्र डिस्क भरेपर्यंत जुन्या आठवड्यांच्या प्रती सांभाळतं.

लायब्ररी बाहेरच्या डिस्कवर असेल तर ती डिस्क टाइम मशीनच्या वगळलेल्या यादीत नाही ना, तेवढं तपासा. इथेच बरेच जण फसतात. लायब्ररी ड्रॉपबॉक्ससारख्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये तर अजिबात ठेवू नका, बिघडू शकते.

बॅकअपसाठी दुसरी डिस्क परवडत असेल तर घ्या आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. अधूनमधून दोन-चार जुने फोटो बॅकअपमधून परत आणून उघडतात का तेही बघा.