विलोचा कार्बन: जमिनीत किती, धुरात किती?

स्वीडनमध्ये शेतात लावून तीन-चार वर्षांनी कापायचं आणि ढलप्या करून वीजघरात जाळायचं, अशा विलो या झाडाच्या पिकाबद्दल आणि ते कार्बन साठवतं या म्हणण्याबद्दल गेल्या वेळी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी काही आज घेतो.

कापून जाळलं की कार्बन हवेतच जातो. मग साठवण कसली? (विद्यार्थिनी, पुणे)

फांद्यांपुरती तुमची शंका शंभर टक्के खरी आहे. चांगल्या मळ्यातून हेक्टरी वर्षाला 8 ते 12 टन सुकं लाकूड निघतं. आपण 10 धरू. सुक्या लाकडाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो, म्हणजे 5 टन. तेवढ्यासाठी झाडांनी हवेतला सुमारे 18 टन कार्बन डायऑक्साइड ओढलेला असतो, आणि भट्टीत तो सगळा परत मोकळा होतो. याला साठवण म्हणूच नये. इथला फायदा वेगळा आहे: त्या लाकडाच्या उष्णतेसाठी जो 7 टनांच्या आसपास कोळसा जाळावा लागला असता, तो खाणीतच राहतो.

खरी साठवण जमिनीखाली होते. आपल्या उसाच्या खोडव्यासारखंच हे पीक आहे. वर कापलं तरी बुडखा जिवंत राहतो आणि त्याला पुन्हा धुमारे फुटतात. फरक एवढाच की हा खोडवा 20 ते 25 वर्षं चालतो. तेवढी वर्षं नांगर लागत नाही, दर शरद ऋतूत पानं मातीत मिसळतात, बारीक मुळं मरतात आणि नवी येतात. मळा मोडल्यावर बुडखे मातीतच बारीक करून टाकतात आणि त्यातला काही कार्बन पुढे निसटतो. हेही हिशेबात धरलं पाहिजे.

म्हणजे विलो लावला की मातीतला कार्बन वाढतोच ना? (कृषी पदवीधर, राहुरी)

नाही. आधी तिथे काय होतं, त्यावर सगळं अवलंबून आहे. वर्षानुवर्षं नांगरून गव्हा-सातूखाली झिजलेल्या जमिनीत वाढ होते, पण ती संथ असते. मातीत आधीच हेक्टरी कित्येक टन कार्बन असतो, त्यात वर्षाला पडलेली थोडी भर पाच वर्षांत तपासणीत दिसतही नाही. जुनं कुरण मोडून विलो लावला, तर पहिल्याच नांगरटीत साठलेल्या कार्बनपैकी काही उडतो आणि तो भरून यायला वर्षं लागतात. दलदलीच्या पीट जमिनीचा (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, कार्बनने भरलेल्या थराचा) तर निचरा करून तिथे विलो लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिवाय नत्रखत जास्त झालं की मातीतून नायट्रस ऑक्साइड सुटतो. वजनाला वजन तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापवतो. मातीत कमावलेलं हवेत घालवायला फार खत लागत नाही.

उभ्या पिकाचं वजन न कापता कसं काढतात? (शिक्षक, नाशिक)

कॅलिपरने. ठरलेल्या उंचीवर एकेका धुमाऱ्याची जाडी मोजतात. आधी वेगवेगळ्या जाडीचे काही धुमारे कापून भट्टीत 105 अंशांवर, वजन घटायचं थांबेपर्यंत सुकवतात आणि त्यावरून जाडी-वजनाचं सूत्र बसवतात. जाडी दुप्पट झाली की वजन साधारण पाचपट होतं. म्हणून मोजताना मिलिमीटरभर चूकही महागात पडते. सुकवल्याशिवाय आकडा सांगू नये, कारण हिवाळ्यात कापलेल्या ताज्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचंच असतं. शेताच्या कडेच्या ओळी मोजण्यात घेऊ नयेत. तिथे ऊन जास्त मिळतं, झाडं गलेलठ्ठ होतात आणि सरासरी फुगते.

मी स्वीडनमध्ये नोकरी करतो. एनशॉपिंगजवळ विलोच्या ओळींतून पाइप टाकलेले दिसले. गावाचं सांडपाणी तिथे का सोडतात?

तुम्ही या विषयातला सर्वांत देखणा प्रयोग पाहिलात. सुमारे 75 हेक्टरांचा तो मळा गावाच्या सांडपाणी केंद्राला जोडलेला आहे. गाळ पिळून निघणारं पाणी थोडंच असतं, पण नत्राने भरलेलं असतं. हिवाळ्यात ते तळ्यांत साठवतात आणि वाढीच्या महिन्यांत विलोला देतात. जो नत्र काढायला केंद्राला वीज आणि पैसा लागला असता, तो पिकाचं खत होतो. ढलप्या गावच्याच वीजघरात जातात. तिथे वीज होते आणि उरलेल्या उष्णतेवर घरं ऊबदार राहतात. विलो मातीतलं कॅडमियम हा विषारी धातूही ओढून घेतो. ते मुख्यतः धुरातल्या बारीक राखेत उतरतं, म्हणून ती राख वेगळी काढायची असते.

एकाने विलोची रोपं आणि कार्बन क्रेडिटचे (कार्बन साठवल्याच्या मोबदल्याचे) पैसे देऊ केलेत. चार एकरांत लावू का? (शेतकरी, सातारा)

लावू नका. युरोपातल्या या जातींना थंडीची विश्रांती आणि भरपूर ओल लागते. आपल्या उन्हाळ्यात त्या पाणी पीत राहतील आणि तरी वाळतील. जमिनीतला कार्बन वाढला हे सिद्ध करायला लावणीआधीचे मातीचे नमुने आणि पुढची अनेक वर्षं लागतात, त्याआधी पैसे देतो म्हणणाऱ्याकडून लेखी हिशेब मागा. ऊर्जेसाठी जाळायचा जैवभार साताऱ्यात आधीच आहे: कारखान्यातला उसाचा भुसा. शेतातलं पाचट मात्र जाळू नका. ते खोडव्यात आच्छादन म्हणून पसरलंत, तर मातीत कार्बन राखायचा तुमच्या हातातला सगळ्यात स्वस्त मार्ग तोच.

विलोचा आपला भाऊबंद हवाच असेल, तर ओढ्याकाठी वाळुंज शोधा. पानाची खालची बाजू फिकट असते आणि बी कापसासारख्या तंतूंवर उडतं. काठ ढासळत असेल तिथे त्याच्या फांद्या पावसाच्या सुरुवातीला ओल्या मातीत खोचून पाहा.