शाळेच्या फलकावरचं 'वर्षभरातील यश' कसं वाचायचं?

तुम्ही शहर सोडून गावी परतलात, मुलगी जूनमध्ये पहिलीत जाणार, आणि जिल्हा परिषद शाळेच्या दर्शनी भिंतीवरचा फलक वाचून गोंधळलात. फलकावर पाच ओळी आहेत : शंभर टक्के निकाल, शिष्यवृत्तीत ६ विद्यार्थी, नवोदयला १ निवड, कबड्डीत तालुक्यात दुसरा क्रमांक, 'माझी शाळा, सुंदर शाळा'मध्ये केंद्रात (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात) पहिली. खाली 'वर्षभर विविध उपक्रम'. यातलं किती खरं मानायचं, असा तुमचा प्रश्न. मी पुणे जिल्ह्यातल्या अशाच एका शाळेत शिकवतो आणि असे फलक स्वतः रंगवून घेतले आहेत. सगळं खरंच असतं हो. पण प्रत्येक ओळीचं वजन वेगळं असतं.

'शंभर टक्के निकाल' ही ओळ वाचलीच नाहीत तरी चालेल. शिक्षण हक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत कुणाला नापास करताच येत नव्हतं. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना मोकळीक मिळाली आणि आपल्याकडे २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. तिथेही मागे राहिलेल्या मुलाला पुनर्परीक्षा आहेच. म्हणजे चौथीपर्यंत शंभर टक्के निकाल लागण्यात शाळेचं कर्तृत्व काही नाही. तरी आम्ही ते लिहितो, कारण १ मे रोजी झेंडावंदन झालं की पारावर पहिला प्रश्न असतो, "गुरुजी, निकाल किती?"

शिष्यवृत्तीच्या ओळीपाशी मात्र थांबा. ही परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न आणि १५० गुण. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. दोन्ही पेपरांत ४० टक्के मिळाले की मूल 'पात्र' होतं. 'शिष्यवृत्तीधारक' मात्र गुणवत्ता यादीत आलेलीच मुलं, पैसेही त्यांनाच मिळतात. फलकावर 'शिष्यवृत्तीत ६ विद्यार्थी' असं मोघम असेल तर सरळ विचारा, पात्र की धारक? आणि त्याहून महत्त्वाचं, बसली किती होती? वर्गातली सगळी मुलं बसवून सहा पात्र झाली असतील तर त्या शिक्षकाला नमस्कार करा. सहाच निवडून बसवली असतील, तर त्या सहांचा जादा तास चालू असताना बाकीचा वर्ग काय करत होता, तेही विचारा.

या ओळीवरून दोन शाळांची तुलना करताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ही परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला असायची. २०१६-१७ पासून ती पाचवी-आठवीला गेली, आणि चौथीपर्यंतच्या वाडीवस्तीवरच्या शाळांच्या फलकावरून ती ओळच गायब झाली. मूल चार वर्षं आम्ही घडवायचं आणि पाचवीला ते हायस्कूलला गेलं की नाव हायस्कूलचं. २०२५-२६ पासून परीक्षा पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरलं, तेव्हा आमच्या केंद्रातल्या लहान शाळांना झालेला आनंद बघण्यासारखा होता. याशिवाय खासगी प्रज्ञाशोध परीक्षांची पदकं असतात. फी भरून बसायचं आणि पदकं भरपूर. त्या फोटोंना मी फार भाव देत नाही.

नवोदय या सरकारी निवासी शाळेतली निवड खरोखर अवघड. पाचवीतल्या मुलांनी द्यायची परीक्षा, दोन तासांत ८० प्रश्न, जिल्ह्यातून जागा ८०, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी. एक मूल लागलं तर शाळेने मिरवावंच. पण त्या एका मुलावरून बाकीच्यांचा अंदाज बांधू नका. अशी मुलं बहुधा घरूनही तयारी करून येतात.

कबड्डीचा दुसरा क्रमांक, माझ्या मते, त्या फलकावरची सगळ्यात बोलकी ओळ आहे. आमच्या जिल्ह्यात यशवंतराव चव्हाण कला-क्रीडा महोत्सव होतो. आधी केंद्रात जिंकायचं, मग बीटात (काही केंद्रं मिळून एक बीट), मग तालुक्यात आणि शेवटी जिल्ह्याला. पटावर जेमतेम शंभर मुलं असलेल्या शाळेतून सात खेळाडू आणि बदली खेळाडू उभे करायचे, त्यांना बूट नसतात, मैदानात खडी असते, आणि सराव शाळा सुटल्यावर करावा लागतो. तालुक्याला दुसरा नंबर आला याचा अर्थ कुणीतरी शिक्षक रोज पाचची एसटी सोडून मागे थांबत होता. मुलींचा खो-खो किंवा लंगडीचा संघ गेला होता का, तेही विचारा. लेझीम आणि समूहगान गेलं असेल तर आणखी चांगलं, कारण त्यात वीस-पंचवीस मुलं लागतात. वक्तृत्वात दरवर्षी तीच चुणचुणीत मुलगी उभी राहते, तेच भाषण, फक्त महापुरुष बदलतो. लेझमीत तसं करता येत नाही.

'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' हे २०२४ च्या सुरुवातीला सुरू झालेलं अभियान. तालुक्यात पहिल्या शाळेला ३ लाख आणि राज्यात पहिल्या शाळेला ५१ लाख रुपये, म्हणून चुरस मोठी. गुण रंगरंगोटीला असतात, परसबागेला असतात, शासनाच्या योजना राबवल्याला असतात आणि अभ्यासालाही असतात. केंद्रात पहिली आलेली शाळा स्वच्छ असेल, भिंतींवर पाढे आणि नकाशे असतील, नळाला पाणी असेल. एवढं धरून चाला. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप आहे की ते वापरात आहे, हे मात्र स्वतः जाऊन बघा.

आता उपक्रम. यांची यादी कुठल्याही शाळेत सारखीच निघेल, कारण ती वरून येते. जूनमध्ये प्रवेशोत्सव, नव्या मुलांना गुलाबाचं फूल आणि पुस्तकं. मग वृक्षारोपण (खड्डा गेल्या वर्षीचाच, रोप नवं). १५ ऑक्टोबरला डॉ. कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन, २६ नोव्हेंबरला संविधान दिन, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, दुसऱ्याच दिवशी विज्ञान दिन. प्रत्येक दिवसाचे फोटो काढायचे, लिंक भरायची, गटावर टाकायचे. खरं सांगायचं तर काही उपक्रम फोटोपुरतेच होतात. दोन शिक्षक, चार वर्ग आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत मागितलेली माहिती, यात दुसरं काय होणार? म्हणून यादी किती लांब आहे हे पाहू नका. एखादा उपक्रम निवडा आणि तो चौथीतल्या कुठल्याही मुलाला विचारा. मूल भरभरून बोललं तर तो झाला. "सरांनी फोटो काढला" एवढंच म्हणालं तर तुम्हीच समजा.

माझ्या अनुभवात दोन कार्यक्रम मुलांच्या अंगात मुरतात. पहिला बाजार. याला कुठे बालआनंद मेळावा म्हणतात, कुठे आठवडे बाजार. मुलं घरून मेथी, कोथिंबीर, लिंबं, उकडलेल्या शेंगा, भेळ घेऊन येतात आणि शाळेच्या पटांगणात पोतं टाकून बसतात. आया, आज्या मुद्दाम घासाघीस करतात. तिसरीतली पोरं सुट्टे पैसे मोजताना जी वजाबाकी करतात, ती फळ्यावर कधी करत नाहीत. खरी मजा दुसऱ्या दिवशी वर्गात असते. "किती नफा?" म्हटलं की सगळ्यांचे हात वर. "मेथी कुठून आणली?" "आमच्या रानातली." "मग बियाणं, पाणी, आईची खुडणी, याचे किती?" इथे वर्ग गप्प होतो आणि मग जे वाद सुरू होतात त्यात एक तास सहज जातो. शेतकऱ्याच्या पोराला खर्च मांडायला शिकवणारा दुसरा धडा मला पुस्तकात सापडलेला नाही.

दुसरा, अर्थातच, गॅदरिंग. निमंत्रण पत्रिकेवर 'वार्षिक स्नेहसंमेलन व पारितोषिक वितरण' छापलेलं असतं, गावाच्या तोंडी गॅदरिंगच. जानेवारी-फेब्रुवारीतली रात्र, मंडप, भाड्याचे पोशाख, गालाला लाली लावलेली पहिलीतली पोरं. नाच सुरू झाला की मामा, चुलते, आजोबा उठून बक्षीस देतात आणि माईकवर पुकारा होतो, "तुकडी दुसरीच्या कोळीगीतासाठी अमुक यांच्याकडून ५१ रुपये, तमुक भजनी मंडळाकडून १०१ रुपये." शहरातल्या लोकांना हे गावंढळ वाटतं. पण चांगल्या गावात एका रात्रीत लाखाच्या घरात रक्कम जमते, आणि शाळेतला टीव्ही, संरक्षक भिंत, पाण्याची टाकी, बाके यांतलं बरंचसं याच लोकसहभागातून आलेलं असतं. सरकारी अनुदान वेळेवर मिळालं तर खडू आणि वीजबिलाला पुरतं. तुम्ही एवढंच बघा, की दुसऱ्या दिवशी जमाखर्च फलकावर लागतो का, आणि नाचात सगळी मुलं होती की फक्त पोशाखाचे पैसे देणाऱ्यांची. चांगली शाळा प्रत्येक मुलाला रंगमंचावर उभं करते, मग ते झाड झालेलं असलं तरी. आणि सिनेमातल्या नको त्या गाण्यांवर सात वर्षांच्या मुली नाचवणाऱ्या शाळा मला आवडत नाहीत, टाळ्या कितीही पडोत.

फलकावर कधीच न येणाऱ्या दोन गोष्टी सांगतो, कारण तुमच्या मुलीचा संबंध त्यांच्याशी जास्त आहे.

एक, वाचन. २०२१ मध्ये आलेल्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत तिसरी संपेस्तोवर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं असं आहे. शाळेत गेलात की दुसरी-तिसरीतल्या दोन-तीन मुलांशी गप्पा मारा आणि त्यांच्यापुढे पाठ्यपुस्तक न धरता दुसरंच काहीतरी धरा, बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर किंवा कालचं वर्तमानपत्र. धडे पाठ असतात. नवा मजकूर मूल अडखळत का होईना वाचतं आणि काय वाचलं ते सांगतं, तर वर्गात काम चालू आहे. हुशार म्हणून पुढे केलेलं मूल टाळा, मागच्या रांगेतलं निवडा.

दुसरी गोष्ट ऊसतोडीची. कारखाने सुरू झाले की बीड, अहिल्यानगरकडून तोडणी मजुरांच्या टोळ्या येतात आणि त्यांच्या कोप्यांवरची (झोपड्यांवरची) मुलं दिवाळीनंतर शाळेच्या फाटकापाशी घुटमळतात. दाखला नाही म्हणून कुठल्याही मुलाला परत पाठवता येत नाही, कायदाच तसा आहे, आणि स्थलांतरित मुलांना जिथे जातील तिथे शिक्षण सुरू ठेवता यावं म्हणून शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. पण चार महिन्यांसाठी आलेलं, धड वाचता न येणारं मूल पटावर घेतलं की शाळेची सरासरी खाली येते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी काही शाळा कोपीवर जाऊन मुलं बोलावून आणतात, पहिल्या दिवसापासून ताटात खिचडी वाढतात आणि मार्चमध्ये कार्ड हातात देऊन निरोप देतात. तुमच्या गावाजवळ कारखाना असेल तर हे जरूर विचारा. उत्तरावरून तिथले शिक्षक कसे आहेत ते कळेल.

पाहणीला आधी न कळवता, साध्या मंगळवार-बुधवारी अकराच्या सुमाराला जा. १५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारीला सगळ्याच शाळा सुंदर दिसतात. पोषण आहाराची चव नोंदवही मागा, वाढण्याआधी कुणीतरी चाखून सही केलेली असायला हवी. महिन्याभराच्या सह्या एकाच शाईत, एकाच दिवशी केल्यासारख्या दिसल्या तर तेवढं टिपून ठेवा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. त्यातल्या एखाद्या आईला गाठा आणि शेवटची बैठक कधी झाली ते विचारा. पटसंख्या, शिक्षक, खोल्या हे यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी माहितीच्या संकेतस्थळावर शाळेचा ११ अंकी क्रमांक टाकून घरबसल्या बघता येतं. पट वर्षागणिक टिकून आहे की ओसरतो आहे, हे तिथे लपत नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असायला हवेत, ते प्रत्यक्षात हजर आहेत का, की एक कायम दुसऱ्या कामावर, एवढं गावातलं कुणीही सांगेल.

आमच्यासारख्यांना एक नवाच ताप झाला आहे, तोही सांगून टाकतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि २०२५ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेने लोकांच्या मतांवर जगातल्या उत्तम शाळांचा पुरस्कार पटकावला. तेव्हापासून प्रत्येक सरपंच विचारतो, "आपली शाळा कधी?" जालिंदरनगरला पट अगदी मोजका उरला होता, तिथे गाव शाळेच्या मागे उभं राहिलं. मोठी मुलं लहानांना शिकवतात ही तिथली विषयमित्र पद्धत बघायला लोक लांबून येतात. हे सगळीकडे जमेल असं नाही, पण तुमच्या गावातले पालक शाळेत येतात की नुसते सरपंचाकडे तक्रार करतात, यावर बरंच अवलंबून आहे.

प्रवेशाचं म्हणाल तर एप्रिलमध्ये शाळापूर्व तयारी मेळावा होतो, 'पहिले पाऊल' नावाचा. मुलीला घेऊन जा. टेबलाटेबलावर उड्या, रंग ओळखणं, मणी ओवणं असे खेळ घेतात आणि आयांना उन्हाळ्यात घरी करायच्या गोष्टींची पत्रकं देतात. पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होत असावीत. जन्मदाखला आणि आधार न्या, पण कागद अपुरा असला तरी प्रवेश नाकारता येत नाही. पुस्तकं फुकट, गणवेशही योजनेतून मिळतो, प्रवेशाला एक रुपया लागत नाही. लोकसहभागासाठी काही द्यायचं असेल तर आनंदाने द्या आणि पावती घ्या.